देवाचे आभार मी मानीन, तुम्ही आठवण करून देऊ नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत कृतज्ञतेच्या डायरीवर लेख आला होता, रोज रात्री झोपायच्या आधी दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या वगैरे, आणि त्याच्यावर मग एका वाचकांचं पत्र छापून आलं की हे सगळं चर्चमधून आलेलं खूळ आहे, ख्रिश्चन लोकांना घरात प्रेत पडलं तरी 'देवाची स्तुती असो' म्हणायला शिकवलेलं असतं, त्यामुळे माणूस धड रडत नाही, धड भांडत नाही, नुसता गप्प बसून सोसतो. वाचून राग आला असं नाही म्हणणार, कारण त्यातलं अर्धं मला पटलं आणि म्हणूनच लिहायला बसले. उरलेलं अर्धं मात्र साफ चुकलंय आणि ते सांगायचं तर आमच्या घरचंच सांगावं लागेल, तेव्हा पत्र लांबेल, सांभाळून घ्या.

आधी ओळख. आम्ही इंदूरचे मराठी ख्रिस्ती. एवढं म्हटलं की समोरचा हमखास परत विचारतो, मराठी? आणि ख्रिश्चन? मग वसईचे का, गोव्याचे का. नाही हो, नगरकडचे. तिथे अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं 1831 पासूनचं, आमच्या सासऱ्यांचे वडील तिकडचे, नोकरीसाठी होळकरांच्या राज्यात आले आणि इथलेच झाले. इकडे कॅनडाच्या मिशनची माणसं 1877 मध्ये आलेली, क्रिश्चियन कॉलेज 1887 चं, म्हणजे इंदूरला आम्ही काही काल-परवा टपकलो नाही. चर्चमध्ये हिंदी चालते. घरी संध्याकाळची प्रार्थना मात्र मराठीत, सासूबाईंच्या वेळचं 'उपासना संगीत' आहे त्यातून म्हणतो, पुठ्ठा कधीच गेला, दोऱ्याने बांधून ठेवलंय, त्यात रेव्हरंड टिळकांची भजनं आहेत, तेच हो, ज्यांना फुलांमुलांचे कवी म्हणतात ते नारायण वामन टिळक, 1895 साली ख्रिस्ती झालेले. तर सांगायचा मुद्दा, आमच्याकडे 'उपकारस्तुती', म्हणजे देवाचे आभार, हा रोजच्या तोंडातला शब्द, जेवणाच्या आधी, प्रवासाच्या आधी, परीक्षेच्या नंतर, कशालाही. सुखाच्या दिवसांत तो नुसता तोंडातच असतो, तेवढं त्या वाचकांचं बरोबर आहे.

आता घरचं. आमच्या ह्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. शुगर जुनी, बीपी जुनं, गोळ्या चालूच होत्या, पण पायावर सूज यायला लागली आणि मग रिपोर्ट आले आणि मग डायलिसिस, म्हणजे मशीनने रक्त साफ करणं. डाव्या हाताला फिस्टुला केलाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मनगटाजवळची धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात, मग काही आठवड्यांत ती शीर फुगून जाड होते आणि डायलिसिसच्या दोन जाड सुया तिच्यात घालता येतात, एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून परत आत, चार-चार तास. त्या हाताने जड उचलायचं नाही, त्या हाताचं बीपी घ्यायचं नाही, त्यावर डोकं ठेवून झोपायचंसुद्धा नाही. आणि त्या जागेवर बोटं ठेवली की आत थरथर लागते, एकसारखी, रात्रंदिवस. थरथर थांबली म्हणजे फिस्टुला बंद पडला. म्हणून रात्री दिवा घालवायच्या आधी मी ह्यांच्या मनगटावर बोटं ठेवते, हे आधीच झोपलेले असतात, घोरत असतात, आणि बोटाला ते लागलं की मी आडवी होते. तुमच्या लेखातली डायरी काही मी विकत आणलेली नाही, माझी रात्रीची नोंद ही एवढीच.

खाण्यापिण्याचं तर विचारू नका. इंदूरच्या माणसाला पोह्यावर शेव नाही म्हणजे काय ते इंदूरच्याच माणसाला कळेल. मीठ कमी, बटाटा चिरून पाण्यात भिजवून, मग उकडून, ते पाणी फेकून मग भाजी, केळं बंद, डाळ बेताची. पाणी मोजून. सकाळी एक बाटली भरून ठेवायची, दिवसभराच्या गोळ्या त्यातच, तहान त्यातच, चहा केला की तेवढं बाटलीतून कमी करायचं, आणि हे सगळं मे महिन्यात, कूलर नुसती गरम हवा फेकत असताना. हे बर्फाचा खडा तोंडात धरून बसतात आणि टीव्हीवर सिंचनाची बातमी लागली की म्हणतात चॅनल बदल.

आणि यातूनच एक असा आनंद शिकायला मिळाला जो चारचौघांत सांगता येत नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की जी काही लघवी अजून होतेय ती सोन्यासारखी जपा, तेवढं काम किडनी अजून करतेय, तेवढं पाणी जास्त पिता येईल. मधे ती फार कमी झाली होती आणि मग औषधं बदलल्यावर पुन्हा जरा वाढली, आणि हे बाथरूममधून मापाचं भांडं हातात घेऊन बाहेर आले तेव्हा चेहरा असा की जणू पोराला मेरिट लिस्टमध्ये नंबर आला. मी त्या रविवारी चर्चमध्ये धन्यवादाच्या दानाचं पाकीट टाकलं. आमच्याकडे पद्धत आहे, पाकिटावर कारण लिहायचं, वाढदिवस, नवी नोकरी, ऑपरेशन नीट झालं, आणि पाळकसाहेब ते वाचून दाखवतात. आता मी काय लिहिणार होते? लिहिलं 'एका खास कारणासाठी'. ते वाचलं गेलं आणि बायका माना वळवून बघायला लागल्या, उपासना संपल्यावर एकीने येऊन विचारलंसुद्धा, मुलीचं ठरलं वाटतं.

हे मनापासूनचे आभार होते. कुणी सांगितलं नव्हतं मानायला. आता त्याच्या उलट बाजू सांगते, जिथे त्या वाचकांशी माझं जमतं. आजारपणात भेटायला येणारी माणसं काय काय बोलतात याचा एक ग्रंथ होईल. देव आपल्या लाडक्यांचीच परीक्षा बघतो. निदान मशीन तरी मिळतंय, खेड्यातल्या लोकांना तेही नाही, आभार माना. आमच्या अमक्याला तर कॅन्सर होता. हिंदू शेजारी आले की प्रारब्ध म्हणतात, आमचे लोक आले की देवाची योजना म्हणतात, माप तेच, फक्त लेबल वेगळं. एकदा घरी प्रार्थनासभा ठेवली होती तर एका बाईंनी ह्यांना सांगितलं, भाऊ, या आजारासाठीच देवाला धन्यवाद द्या, मोठ्याने द्या, म्हणजे बरे व्हाल. हे बिचारे भिडेखातर काहीतरी पुटपुटले. मी चहा ठेवते म्हणून उठले ते बराच वेळ आतच राहिले.

त्या बाई वाईट नव्हत्या. पण बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक त्यांनी वाचलं असेल तर अर्धवट वाचलं असेल. ईयोबाची गुरंढोरं गेली, मुलं गेली, अंगभर फोड आले, तेव्हा त्याचे तीन मित्र भेटायला आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक अक्षर बोलले नाहीत. इथपर्यंत झकास. मग ते बोलायला लागले आणि सगळा घोटाळा झाला, तुझंच काहीतरी चुकलं असेल, देव न्यायी आहे, नम्र हो, सगळं पानंच्या पानं, ऐकायला अगदी धार्मिक. आणि शेवटी देव कुणावर रागावतो? ईयोबावर नाही, जो इतका वेळ देवाशी हुज्जत घालत होता. या मित्रांवर. की तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत. हा भाग आमच्याकडेही प्रवचनात फारसा येत नाही, का येत नाही ते समजू शकते.

पत्रलेखक म्हणतात की ख्रिश्चनांना रडायची परवानगी नाही. अहो, आमच्या बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत आणि त्यातली एक तृतीयांशाच्या आसपास चक्क रडगाणी आहेत. किती दिवस विसरणार आहेस मला, तोंड का फिरवलंस, झोपलायस का, असं सरळ सरळ. बहुतेक स्तोत्रांत शेवटी शेवटी सूर पालटतो आणि स्तुती येते, पण 88 वं घ्या, ते सुरू होतं रडण्याने आणि संपतं अंधारावर. एक ओळ आभाराची नाही. आणि हे स्तोत्र कुणी गाळलं नाही, शतकानुशतकं यहुद्यांच्या देवळात, चर्चमध्ये, मठांमध्ये म्हटलं गेलंय. स्वतः येशू वधस्तंभावर 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास' म्हणाला, ती 22 व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. जनाबाई विठोबाला शिव्या घालते ते आपल्याला गोड वाटतं ना, मग हे का नाही? ज्याच्यावर जीव आहे त्याच्याशीच माणूस भांडतो, परक्याशी कोण भांडायला जातं. ह्यांची रात्र वाईट गेली, पायात गोळे आले की मी 88 वंच वाचते आणि तिथेच पुस्तक मिटते, पुढे गोड शेवट करायला जात नाही.

मग आभार कुठून येतात, हा खरा प्रश्न. माझ्या बुद्धीप्रमाणे सांगते, मी काही पाळक नाही, शाळेत गणित शिकवत होते.

बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे, रविवारच्या शाळेत प्रत्येक पोराला सांगतात. दहा जण बरे झाले, एकच परत आला आभार मानायला, तोही शोमरोनी, म्हणजे ज्यांना यहुदी लोक हलके समजायचे त्यातला. येशू विचारतो, बाकीचे नऊ कुठे आहेत? आणि मग पोरांना तात्पर्य सांगतात की थँक्यू म्हणायला विसरू नये. पण त्या गोष्टीत एक न सांगितलेली बाजू आहे जी माझ्या लक्षात आत्ता या वयात आली. त्या नऊ जणांचा रोग परत आला असं कुठेही लिहिलेलं नाही. ते आभार न मानता घरी गेले, तरी त्यांचं बरं होणं काढून घेतलं नाही. म्हणजे आभार हे काही भाडं नाही की थकवलं तर सामान बाहेर. मला हे समजलं आणि खांद्यावरचं मोठं ओझं उतरलं, कारण आत कुठेतरी भीती असते ना, की मी मनापासून स्तुती केली नाही म्हणून ह्यांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या रिपोर्टातला तो आकडा, वाढलं का. तसं काही नसतं. ज्या दिवशी आभार फुटले तोंडून त्या दिवशी फुटले, नाही त्या दिवशी नाही.

भिंतीवर लावायच्या फ्रेममध्ये एक वचन हमखास असतं, 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा', आमच्याही हॉलमध्ये आहे, कुणीतरी लग्नात दिलेलं. बायबलमधल्या प्रेषित पौलाचं वाक्य आहे. हा माणूस फटके खाल्लेला, तुरुंगात बसलेला, फिलिप्पैच्या तुरुंगात पाय खोड्यात अडकवलेले असताना मध्यरात्री गाणारा, त्यामुळे त्याला ते बोलायचा हक्क आहे. पण त्याच पौलाच्या अंगात काहीतरी दुखणं होतं, तो त्याला काटा म्हणतो, आणि हा काटा काढ म्हणून त्याने देवाला तीनदा विनवलं असं त्यानेच करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात लिहिलंय. काटा निघाला नाही. म्हणजे फ्रेममधला पौल आणि विनवण्या करणारा पौल हा एकच माणूस, आपण मात्र फ्रेम तेवढी लावतो.

आता 'गप्प बसून सोसतो' या मुद्द्यावर येते, कारण तिथे ते वाचक फारच घाईने बोललेत. पंडिता रमाबाई घ्या. लहानपणी दुष्काळात आईवडील डोळ्यांसमोर उपासमारीने गेले, बहीण गेली, पुढे भाऊ गेला, लग्न झालं तर 1882 मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला, कडेवर लहान मुलगी. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या. देवाचे आभार मानणारं त्यांनी भरपूर लिहिलंय, पण हात बांधून बसल्या का? 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, आणि 1896-97 च्या दुष्काळात आमच्या या मध्य प्रांताच्या बाजूला येऊन भुकेने मरायला टेकलेल्या मुली-बायका सोबत नेल्या, केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. जी बाई स्वतः दुष्काळातून जगली वाचली ती दुसऱ्या दुष्काळात उठून निघाली. याला जर कुणी गप्प बसणं म्हणत असेल तर मग बोलणं कशाला म्हणायचं? पुढे 1921 मध्ये मुलगी मनोरमाही आईच्या आधी गेली, आणि वर्षभराच्या आत 1922 च्या एप्रिलमध्ये रमाबाई. तोवर बायबलचं मराठी भाषांतर करायचं काम त्या शेवटपर्यंत करतच होत्या.

आणि इतकं लांब तरी कशाला, इंदूरचंच बघा. सिस्टर राणी मारिया. आम्ही प्रोटेस्टंट, आमच्यात संतबिंत मानत नाहीत, पण ही गोष्ट आमच्याही घरी बोलली जाते. मूळच्या केरळच्या, देवास जिल्ह्यात उदयनगरकडे आदिवासींमध्ये काम करायच्या, सावकारांच्या कचाट्यातून लोकांना सोडवायच्या, ते काहींच्या डोळ्यात खुपलं आणि 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरला येणाऱ्या बसमध्ये भर दिवसा भोसकून मारलं. मारणारा पकडला गेला, जन्मठेप झाली. सात वर्षांनी, 2002 मध्ये, त्यांच्या सख्ख्या धाकट्या बहिणीने, त्याही सिस्टरच, जेलमध्ये जाऊन त्याला राखी बांधली. 2006 मध्ये तो सुटला, पुढे केरळला त्यांच्या घरी गेला तेव्हा म्हाताऱ्या आईने त्याचे हात हातात घेतले. 4 नोव्हेंबर 2017 ला राणी मारियांना 'धन्य', म्हणजे कॅथलिकांमधली संतपदाच्या आधीची पायरी, जाहीर करण्याचा मोठा सोहळा आपल्या इंदुरातच झाला, रस्ते जाम होते, बऱ्याच वाचकांना आठवत असेल. मला या सगळ्यात ती मधली सात वर्षं सगळ्यात महत्त्वाची वाटतात. त्या बहिणीला आणि त्या आईला तेराव्याच्या आत कुणी जाऊन म्हटलं असतं की माफ करून टाका, देवाचे आभार माना तुमच्या घरात हुतात्मा झाला, तर ते पाप झालं असतं असं माझं स्पष्ट मत आहे. जे झालं ते त्यांच्यातून, त्यांच्या वेळेने झालं. आमच्यातलेच काही जण ही गोष्ट सांगून वर विचारतात की बघा, त्यांना जमलं, तुम्हाला का जमत नाही, तेव्हा मला तिथून उठून जावंसं वाटतं.

डायरीबद्दलही थोडं बोलते. लिहिणाऱ्यांनी लिहावी, वाईट काहीच नाही. पण एकट्याने खोलीत बसून स्वतःच्या तीन चांगल्या गोष्टी शोधायच्या म्हणजे ज्याच्या दिवसात एकही नव्हती त्याने काय करायचं, शून्य लिहायचं? आमच्याकडे आभार मानायचं काम मुळात एकट्याचं नाहीच, ते मंडळीचं, म्हणजे चर्चमधल्या सगळ्यांचं मिळून आहे. हे पहिल्यांदा अॅडमिट होते त्यानंतरच्या रविवारी मी चर्चला गेले खरी, पण गाणं सुरू झालं तर माझा ओठ हलेना. मी नुसती उभी होते. आणि माझ्या डाव्या-उजव्या बाजूला, मागेपुढे, सगळे गात होते, बेसूर म्हातारे, किंचाळणारी पोरं, तबला एकीकडे ऑर्गन एकीकडे, आणि मला जाणवलं की आज हे माझ्या वाटचंही म्हणतायत. मला म्हणायची गरज नाही. दुसऱ्या कुणाच्या घरी असं झालं असेल त्या दिवशी मी त्याच्या वाटचं म्हणीन. बस. कुणी मला कोपराने ढोसून 'गा ना' म्हटलं नाही याचे मात्र मी आजही आभार मानते.

जर्मनीत आयलेनबुर्ग म्हणून गाव आहे, तिथे मार्टिन रिंकार्ट नावाचा पाळक होता. तीस वर्षांचं युद्ध चालू, 1618 ते 1648, गावाला तटबंदी म्हणून आजूबाजूचे सगळे जीव वाचवायला तिथेच येऊन कोंबलेले, त्यात 1637 चा प्लेग. बाकीचे पाळक मेले किंवा निघून गेले, हा उरला, रोज चाळीस-चाळीस माणसांचे दफनविधी करायचा, एकूण चार हजारांच्या वर माणसं त्याने पुरली आणि त्यात त्याची बायकोपण. याच माणसाने त्याच युद्धाच्या काळात लिहिलेलं आभाराचं गाणं आजही जगभर चर्चमध्ये गातात, 'नाऊ थँक वी ऑल अवर गॉड' म्हणून इंग्रजीत झालंय ते. मला त्यातलं काय आवडतं सांगू, ते गाणं मुळात घरच्या जेवणाच्या वेळी म्हणायची प्रार्थना होती. म्हणजे युद्ध, प्लेग, सगळं दाराबाहेर आणि आत ताटावर बसलेली पोरं. मोठ्या गोष्टीसाठी आभार मानायला सुचतच नसणार त्याला, पोळी समोर आहे ना, मग पोळीचे मानू. कोविडच्या दुसऱ्या लाटेत आपण सगळ्यांनी इथे एप्रिल-मे 2021 मध्ये जे बघितलं, ऑक्सिजनच्या रांगा, स्मशानात नंबर, त्यानंतर रिंकार्टची गोष्ट मला गोष्ट वाटतच नाही.

आणखी एक स्पष्ट करते, नाहीतर कुणीतरी म्हणेल की बाई आभार मानत बसल्या आणि व्यवस्थेला मोकळं सोडलं. अजिबात नाही. सरकारचा डायलिसिस कार्यक्रम 2016 मध्ये आला, गरिबांना जिल्हा रुग्णालयात फुकट डायलिसिस मिळतं, चांगलंच आहे, त्याचे आभार आहेतच. पण आम्ही जिथे जातो तिथे नातेवाइकांना बसायला धड खुर्च्या नव्हत्या, चार-चार तास बायका जिन्यावर बसायच्या, एकदा डायलिसिसच्या मशीनला लागणारं आरओचं शुद्ध पाणी बंद पडलं तर खेड्यातून पहाटे निघून आलेल्या पेशंटना कुणी काही न सांगता दुपारपर्यंत ताटकळत ठेवलं, तर मी अर्ज लिहिला, सह्या गोळा केल्या, परत अर्ज लिहिला. आता बाक आलेत. काउंटरवरचा मुलगा मला बघितलं की म्हणतो, मॅडम आज काय तक्रार आहे. आणि त्याच युनिटमध्ये जो टेक्निशियन पोरगा सुई घालतो, ह्यांना दुखू नये म्हणून बोलण्यात गुंतवून घालतो, क्रिकेटचं काहीतरी काढतो आणि तेवढ्यात सुई आत, त्याच्यासाठी मी रोज नाव घेऊन प्रार्थना करते. दोन्ही एकाच तोंडाने चालतं. ज्याला मिळालेल्याची किंमत कळते त्यालाच दुसऱ्याला मिळत नाही हे जास्त खुपतं, असा माझा तरी अनुभव.

किडनी गेल्याबद्दल मी देवाचे आभार मानलेले नाहीत, मानणारही नाही, आणि तो मागतोय असंही मला वाटत नाही. ज्या रात्री येशूला धरून नेलं त्या रात्री त्याने भाकर हातात घेऊन आभार मानले, आणि त्यानंतर काही तासांत बागेत जाऊन हा प्याला टळू दे म्हणून घामाघूम होऊन विनवलं. प्रभुभोजनाला, म्हणजे त्या रात्रीच्या आठवणीत चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षरस घेतात त्या विधीला, बसले की मला नेहमी हे दोन्ही एकदम आठवतं. भाकरीचे आभार मानले, बागेतल्या त्या दुःखाच्या प्याल्याचे नाही मानले. प्याला घेतला, तो वेगळा विषय.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंचं सांगायचं राहिलं. कट्टर गणपतीवाल्या, दहा दिवस आरत्या, आमच्या येशूशी त्यांचा काही संबंध नाही. ह्यांचं डायलिसिस सुरू झाल्यावर त्यांनी एकदाही काही समजावलं नाही. फक्त विचारलं, बटाटा कसा करायचा ते नीट सांग. लिहून घेतलं. आता डायलिसिसच्या दिवशी आम्ही घरी येतो तेव्हा दाराला डबा लटकवलेला असतो, आत दोन वेळा पाणी बदलून केलेली बिनमिठाची भाजी आणि मऊ पोळ्या, आणि माझ्यासाठी वेगळ्या वाटीत मिठाची, वर शेव. मी डबा उघडते आणि तोंडातून आपोआप निघतं, स्तोत्र शोधावं लागत नाही.

तर त्या पत्रलेखकांना एवढंच कळवा की ज्या 'देवाची स्तुती असो'चा त्यांना वीट आलाय त्याचा मलाही आलाय, दुसऱ्याच्या तोंडात कोंबलेली स्तुती ती. पण स्वतःच्या तोंडून निघालेली असते ती त्यांनी बहुधा अजून ऐकली नसावी, ती जरा दबक्या आवाजात असते आणि तिच्या मागेपुढे बऱ्याचदा रडणं असतं. आणि वाचकांपैकी कुणाच्या ओळखीत डायलिसिसवाला असेल आणि भेटायला जाणार असाल तर अवश्य जा, परीक्षा आणि योजना घरी ठेवून जा, बसा थोडा वेळ, मॅचचं बोला, घरच्या बाईला तासभर झोपायला सांगा आणि तुम्ही तिथे थांबा. आणि कृपा करून नारळपाणी नेऊ नका, सगळे तेच आणतात, त्यात पोटॅशियम भरपूर असतं, या पेशंटना ते जिवावर बेतू शकतं. सफरचंद चालतं, पण तेही डॉक्टरांना विचारून, आणि अर्धंच.

आपली,
एक वाचक, इंदूर
(नाव छापू नये ही विनंती)